शूज कम्पलसरी!

जून उजाडला की दोन गोष्टी हमखास होतात. मालाड स्टेशनबाहेर छत्र्या आणि प्लॅस्टिकच्या चपलांचे ढीग लागतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ट्रेकचे मेसेज सुरू होतात. राजमाची, शनिवारी रात्री निघणार, रविवारी रात्री परत, चहा-नाश्ता-जेवण धरून अमुक रुपये. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात: 'शूज कम्पलसरी. चप्पल, सँडल, फ्लोटर्स नॉट अलाउड.'

ही शेवटची ओळ माझ्या डोक्यात जाते. आज रविवार आहे, बाहेर धो धो पडतोय, दुसरा चहा झालाय, तेव्हा ती का डोक्यात जाते ते एकदा नीट लिहूनच टाकतो.

लगेच बाह्या सरसावू नका. रबरी स्लीपर घालून हरिहर चढा असं मी म्हणत नाहीये. चप्पल नको, हे शंभर टक्के मान्य. माझं भांडण त्या एका वाक्यात चप्पल आणि पट्ट्यांची सँडल एकाच पोत्यात भरण्याशी आहे. डोंगरात पायाबद्दल दोनच प्रश्न विचारण्यासारखे असतात. एक, पायात जे आहे ते पायाला घट्ट धरून आहे का? आणि दोन, ते दगडाला धरून राहतं का? आपण मात्र तिसराच प्रश्न विचारतो, पाय झाकलेला आहे की उघडा? बरं, विचारून गप्प बसत नाही, त्याचा नियमच करतो.

हा नियम पाळून कोण कोण येतं, ते कधी पावसाळ्यातल्या रविवारी कर्जत स्टेशनवर उभं राहून बघा. एकाच्या पायात जिममधले रनिंग शूज, तळ घासून गुळगुळीत. दुसऱ्याचे कॉलेजच्या काळातले, कालच माळ्यावरून काढलेले. तिसऱ्याचे आदल्या संध्याकाळी मॉलमधून घेतलेले, पायाची आणि त्यांची अजून ओळखसुद्धा झालेली नाही. हे तिघंही नियमात बसतात. आणि चौथा, ज्याच्या पायात चांगल्या रबरी तळाची, तीन पट्ट्यांची, सहा महिने वापरून पायाशी जमलेली सँडल आहे, त्याला लीडर बाजूला घेऊन म्हणतो, "दादा, मेसेज वाचला नव्हता का?" आमच्या धंद्यात याला चेकलिस्ट म्हणतात. चौकोनात बरोबरची खूण झाली की जबाबदारी संपली. सॉफ्टवेअर चाललं नाही तरी हरकत नाही, फॉर्म भरलेला पाहिजे :)

आता ही सँडल आली कुठून ते बघा. १९८४ साली अमेरिकेत ग्रँड कॅनियनमध्ये नदीवर गाइडचं काम करणाऱ्या मार्क थॅचरने साध्या चपलेला टाचेच्या मागून एक पट्टा जोडला. कारण उघड होतं. बूट पाण्याने भरतो, चप्पल पाण्यात वाहून जाते. त्यातून टेवा हा ब्रँड उभा राहिला. पाच वर्षांनी, १९८९ मध्ये, कोलोरॅडोतल्या मार्क पेगन नावाच्या दुसऱ्या एका नदीवरच्या गाइडने चाको सुरू केली. त्यात एकच लांब पट्टा तळातून ओवून पायाभोवती फिरवलेला असतो. आपल्याकडे हा प्रकार आला तो 'फ्लोटर्स' या नावाने. म्हणजे दगड, उतार आणि पाणी एकत्र आलं की बुटाचं काय होतं हे रोज बघणाऱ्या माणसांनी ही वस्तू बनवली आहे.

आणि आपला जुलै-ऑगस्टमधला सह्याद्री म्हणजे दुसरं काय आहे? लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीला जा, वाटेत ओढ्यांत पाय घालावाच लागतो. पाचनईहून हरिश्चंद्रगडाला जा, कातळावरून पाण्याचा पातळ थर वाहत असतो आणि तुम्ही त्यावरूनच चालत असता. पहिल्या ओढ्यात बुटात पाणी शिरतं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहतं. पाय आठ-आठ तास ओल्या मोज्यात भिजतो, कातडी पांढरी आणि मऊ पडते, आणि मग मोज्याची एक साधी घडीसुद्धा फोड आणायला पुरते. सँडलमधून पाणी जसं येतं तसं निघून जातं. वाहत्या पाण्याच्या वाटेवर चांगली सँडल ही तडजोड नसते, त्या वाटेसाठीच ती बनलेली असते.

"पण घोटा?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. घोट्याच्या वर जाणारा उंच बूट पाय मुरगळण्यापासून वाचवतो, असं आपण गृहीत धरतो. त्याचा पुरावा वाटतो तेवढा पक्का नाही. आणि ट्रेकला येणाऱ्या किती जणांच्या पायात तसा उंच बूट असतो? बहुतेकांचे शूज घोट्याच्या खालीच संपतात. म्हणजे घोट्याच्या नावाने नियम, आणि घोटा उघडाच!

आता दुसऱ्या बाजूची खबर घेऊ, कारण सँडलवाल्यांतही एक पंथ आहे आणि तो माझ्या दुप्पट डोक्यात जातो. "मावळे कुठे शूज घालून लढले?" आणि त्याचंच धाकटं भावंड, "गावातले मामा बघ, साध्या चपलेवर गड चढतात."

अरे बाबा, मामा चढतात कारण ते लहानपणापासून त्याच वाटेवर चालतायत. त्यांची बोटं बुटात कोंबून वाढलेली नाहीत, ती पंख्यासारखी पसरतात. कुठल्या दगडावर शेवाळ असतं हे त्यांना तोंडपाठ आहे. तुझी पावलं सोमवार ते शुक्रवार माइंडस्पेसच्या एसीत, चकचकीत फरशीवर, ऑफिसच्या बुटात असतात. तुझ्या पाठीवर आठ किलोची सॅक असते, आणि वाट तू पहिल्यांदाच बघत असतोस. आणि मामांनी ती चपल काही अभ्यास करून निवडलेली नाही. बाजारात जी परवडली ती घेतली. त्यांच्या नाइलाजाला आपण परंपरा म्हणायचं आणि आपल्या आळसाला शौर्य, हे काही बरोबर नाही.

सँडल कुठे नको, तेही सांगून टाकतो, म्हणजे मी त्या पंथाचा नाही हे कळेल. नळीच्या वाटेसारख्या दगडधोंड्यांनी भरलेल्या घळीत नको, तिथे सुटे दगड बोटांवर येतात. पावसाळा संपल्यावरच्या घसाऱ्यात नको, दर दहा पावलांनी खडा तळव्याखाली शिरतो. अलंग-मदन-कुलंगसारख्या दोराच्या वाटांवर नको. करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढायची असेल तर नको. रात्री चालायचं असेल तर अजिबात नको, कारण सह्याद्रीत फुरसं आहे आणि ते अंधारात फिरतं. एवढी यादी वगळली तरी पावसाळ्यातल्या मळलेल्या, ओल्या वाटा भरपूर उरतात. त्या वाटांवर चांगली, नीट बसलेली सँडल चालते. मात्र यातला 'नीट बसलेली' हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि आपण नेमकी तिथेच माती खातो.

आपण सँडल घेतो कशी? दुकानात जातो आणि म्हणतो, "आठ नंबर दाखवा." या आठचा अर्थ माहितीये? ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, ८.४७ मिलिमीटर. एकेकाळी जवाचे तीन दाणे एकापुढे एक ठेवले की एक इंच मानत, त्यातला हा एक दाणा. युरोपियन माप वेगळं, त्यात एक पायरी दोन तृतीयांश सेंटीमीटरची, म्हणजे ६.६७ मिलिमीटर. या दोन पट्ट्या एकमेकींवर नीट बसतच नाहीत. त्यामुळे एका कंपनीचा आठ म्हणजे ४२ असतो, दुसरीचा ४१, आणि तळावर दोन्ही आकडे इतक्या आत्मविश्वासाने छापलेले असतात की जणू आकाशवाणी झाली आहे. दिवसभर युनिट कन्व्हर्जनचे बग शोधणारे आपण, स्वतःच्या पायासाठी मात्र जवाच्या दाण्यावर भरवसा ठेवतो!

आणि हा झाला फक्त लांबीचा हिशोब. रुंदीचं काय? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. निष्कर्ष असा की भारतीय पाय युरोपियन आणि अमेरिकन पायांपेक्षा रुंद असतात. त्यावरून 'भा' नावाची स्वतंत्र मापपद्धतही सुचवली गेली. आपल्याला हे सर्व्हे न करताही कळायला हवं होतं. नेहमीचा आठ चवड्याला आवळतो म्हणून आपण नऊ घेतो. रुंदी मिळते, पण सोबत लांबीही वाढते. मग टाच मागे सरकते, उतारावर पाय पुढे घसरतो आणि बोटं तळाच्या बाहेर येतात. "जरा मोकळा असलेला बरा" हे वाक्य ऑफिसच्या शर्टाला ठीक आहे. उतारावर मोकळी सँडल म्हणजे ब्रेक नसलेली सायकल.

गंमत म्हणजे जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा आपण सगळे एका रात्रीत चपलांचे अभिमानी झालो. अभिमान चांगलाच. पण ऑर्डर देऊन चप्पल करून घेताना कारागीर कागदावर पाऊल ठेवायला सांगतो आणि भोवती पेन्सिल फिरवतो, ही गोष्ट कुणी उचलली का? तीच तर खरी शिकण्यासारखी आहे. घरी करा. संध्याकाळी करा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. कागद जमिनीवर, टाच भिंतीला, पूर्ण वजन पायावर. दोन्ही पायांची बाह्यरेषा काढा. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठा असेल तो धरा. कागद कापून दुकानात न्या आणि सँडलच्या तळावर ठेवा. पुढे साधारण एक सेंटीमीटर जागा उरली पाहिजे, टाचेला तळाची कड दिसली पाहिजे, आणि करंगळीच्या बाजूने कागद बाहेर डोकावता कामा नये. दुकानदार तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

मग पट्टे. निदान तीन हवेत आणि तिन्ही सैल-घट्ट करता यायला हवेत: चवड्यावर एक, पावलाच्या वरच्या उंचवट्यावर एक, टाचेमागे एक. बऱ्याच फ्लोटर्समध्ये टाचेमागचा पट्टा एकाच लांबीला शिवून टाकलेला असतो. ते दिसलं की सँडल परत खोक्यात ठेवा, पुढचं बोलणंच नको. बांधायचा क्रमही असतो. सगळे पट्टे सैल करा, पाय घाला, टाच मागे दाबून बसवा. आधी उंचवट्यावरचा पट्टा ओढा, कारण उतारावर पायाला पुढे जाण्यापासून तोच अडवतो. मग टाचेमागचा. चवड्यावरचा सगळ्यात शेवटी, आणि तोही बोटं हलतील इतकाच. आपण नेमकं उलटं करतो. पुढचा पट्टा करकचून आवळतो, बाकीचे रामभरोसे.

वेल्क्रोबद्दल दोन शब्द. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनियरला ती कल्पना १९४१ मध्ये फिरून आल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी फळांवरून सुचली. आणि आपल्याकडे ऑक्टोबरात गवतातून चाललात की त्याच वेल्क्रोत कुसळं भरतात आणि ती धरेनाशी होते. गवताने दिलं, गवताने नेलं! चिखल आणि वाळूचंही तेच. बक्कल असेल तर उत्तम. वेल्क्रोच असेल तर पट्टा ओढल्यावर दोन्ही भाग भरपूर लांबीवर एकमेकांवर आले पाहिजेत, टोकाला टोक चिकटून भागणार नाही. घरी आल्यावर जुन्या टूथब्रशने साफ करा. आणि नायलॉनचा पट्टा भिजला की थोडा ताणतो, त्यामुळे पहिला ओढा ओलांडल्यावर थांबून पट्टे पुन्हा ओढून घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, एक सेल्फी कमी काढा.

तळ. खोलवर नक्षी बघून भुलू नका. ती चिखलात कामाची. ओल्या कातळावर पकड येते ती मऊ रबर दगडाला टेकल्यामुळे. नख दाबून बघा, रबर किंचित दबलं पाहिजे. कडक, चकाकणारं प्लॅस्टिक ओल्या दगडावर साबणासारखं सरकतं, मग वरचा ब्रँड कुठलाही असो. आणि शेवाळावर कुठलंही रबर भरवशाचं नाही, तिथे वाट बदलायची. अजून एक: माळ्यावर तीन-चार वर्षं पडून राहिलेली सँडल किंवा बूट थेट ट्रेकला नेऊ नका. बऱ्याच तळांत पॉलियुरेथेन असतं, ते हवेतल्या दमटपणाने आतून कुजतं. वरून ठणठणीत दिसतं आणि गडावर बिस्किटासारखं तुटतं. मालाडची हवा किती कोरडी आहे ते तुम्हाला माहीत आहेच. तळ नुसताच चिकटवलेला असेल तर स्टेशनजवळच्या गटई स्टॉलवर कडेने शिवून घ्या. दुकानात मोजलेल्या पैशांपुढे तो खर्च काहीच नाही.

आणि आता परीक्षा. दुकानात गुळगुळीत टाइल असते, तिच्यावर सगळंच छान वाटतं. दुकानाबाहेरच्या पायऱ्यांवर जा. पायरीच्या कडेवर उतरत्या दिशेने उभे राहा, गुडघे वाकवा. बोटं तळाच्या पुढे आली तर नापास. एका पायावर उभं राहून दुसरा पाय हवेत जोरात झटका. टाच सुटली तर नापास. उभ्या उभ्या पाऊल डावी-उजवीकडे पिळा. पाय तळावरून कडेला उतरला तर नापास. विक्रेता म्हणेल, "सर, पहनते पहनते सेट हो जायेगा." चामडं होतं सेट. नायलॉनचा पट्टा होत नाही, तुमचा पाय होतो, आणि कातडी गमावून होतो.

मुलींना तर हा सगळा छळ दुप्पट. लेडीज विभागात जा: पट्टे अर्ध्या रुंदीचे, तळ पातळ, रंग गुलाबी किंवा जांभळा, आणि वर एखादं फूल. बाई डोंगरावर जाईल ही शक्यताच कुणाच्या डोक्यात आलेली नसते. माझ्या ट्रेकमधल्या मैत्रिणी सरळ पुरुषांच्या विभागात जाऊन सगळ्यात लहान नंबर शोधतात. तो बहुतेक वेळा सहा असतो आणि त्यांना पाच हवा असतो. मग ग्रुपचा मेसेज येतो, फ्लोटर्स नॉट अलाउड. चांगली सँडल मिळत नाही म्हणून चांगल्या सँडलवर बंदी, आणि बंदी आहे म्हणून चांगल्या सँडलला मागणी नाही. याला आम्ही इन्फायनाइट लूप म्हणतो.

सराव कुठे करायचा, ही आपली तरी अडचण नाही. बोरिवलीच्या गेटपासून कान्हेरीपर्यंत सहा-सात किलोमीटर चाल आहे आणि वर कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत. नव्या सँडलवर तिथे एक-दोन रविवार काढा. पट्टा कुठे चावतो, पाय कुठे सरकतो, सगळं कळेल, आणि काही बिघडलं तर रिक्षा आहे. राजमाचीच्या वाटेवर रिक्षा नाही.

आणि म्हणून हा विषय मला चपलेएवढा छोटा वाटत नाही. वाटेवर कुणाचा पाय मोडला तर त्याला खाली कोण आणतं? ज्याने 'शूज कम्पलसरी' लिहिलं तो एकटा आणू शकत नाही. गावातले लोक येतात, त्याच साध्या चपलांवर, शेतातलं काम टाकून. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक येतात, स्वतःचा रविवार मोडून, भर पावसात, स्ट्रेचर खांद्यावर घेऊन. आपण दुकानात जी पाच मिनिटं वाचवली, त्याचे त्यांचे आठ तास जातात.

तेव्हा ट्रेक लीडर मंडळींना नम्र विनंती. ती ओळ काढा आणि तिच्या जागी हे लिहा: 'पायात जे असेल ते मागून बांधलेलं हवं, तळ रबराचा आणि न झिजलेला हवा, आणि ते घालून आधी निदान दहा किलोमीटर चाललेलं असावं. आजच्या वाटेला सँडल चालेल की नाही ते खाली दिलं आहे.' मेसेज दोन ओळींनी लांबेल. मग निघण्याआधी कर्जतला प्रत्येकाला एक पाय उचलून तळ दाखवायला सांगा. तीस जणांना पाच मिनिटं लागतील. ज्याचा तळ गुळगुळीत आहे त्याला परत पाठवा, मग त्याच्या पायात दहा हजारांचे शूज का असेनात.

तो रुसेल. रुसू दे. घरी तरी धड पायांनी जाईल.